शेताची हद्द आणि दुसरी साक्ष

अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जमीनमोजणीचा इतिहास वरवर पाहता महसुलाचा इतिहास वाटतो. परंतु एखाद्या बिंदूचे स्थान कशाच्या आधारावर खात्रीचे मानावे, हा त्यातला मूळ प्रश्न आहे, आणि उपग्रहांच्या साहाय्याने स्थान ठरवणाऱ्या यंत्रणांपुढे आज तोच प्रश्न उभा आहे. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्या धाऱ्याची, म्हणजे जमीन महसुलाच्या आकारणीची, आठवण दख्खनच्या महसुली परंपरेत दीर्घकाळ टिकली. तथापि शेतवार मोजणी व सर्व्हे नंबर यांची घडी बसली ती गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1835 नंतर इंदापूर तालुक्यात सुरू केलेल्या पद्धतीमुळे, जिचे नियम 1847 च्या संयुक्त अहवालाने पक्के झाले आणि जी शतकाच्या मध्यास नगर जिल्ह्यातही लागू झाली.

या मोजणीचे मुख्य साधन 33 फूट लांबीची साखळी हे होते. तिचे सोळा भाग पाडून प्रत्येकाला आणा म्हणत; एक साखळी लांब व एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, आणि असे 40 गुंठे मिळून एक एकर होत असल्याने रुपया-आण्याचा हिशेब जाणणाऱ्या शेतकऱ्याला आपले क्षेत्र सहज उमगत असे. शेतातून एक आधाररेषा धरून बांधाच्या प्रत्येक वळणापासून तिच्यावर शंकूच्या, म्हणजे काटकोन साधण्याच्या साधनाच्या, मदतीने लंब टाकीत आणि ही मापे टिप्पणावर, म्हणजे शेताच्या मोजणीच्या नोंदपत्रकावर, नोंदवून त्रिकोण व समलंब चौकोनांच्या रूपाने क्षेत्र काढीत. या शंकू-साखळी मोजणीचे खरे बळ मात्र साखळीत नव्हते, तर पडताळणीत होते. वरिष्ठ अधिकारी काही शेते पुन्हा मोजून पाहत, हद्दीवर दगड रोवले जात आणि लगतच्या खातेदाराचे म्हणणे विचारात घेतले जाई. एकट्या मापावर हद्द ठरत नसे.

अर्थात अचूक मोजणीने न्याय आपोआप आला नाही. नेमक्या हद्दीची व निश्चित धाऱ्याची जमीन सावकाराला तारण म्हणून अधिक सोयीची झाली, आणि 1875 चे सावकारांविरुद्धचे दख्खनचे दंगे पारनेर व श्रीगोंदे या तालुक्यांतही पसरले, हे विसरता येत नाही.

पुढे 1947 च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याने गट नंबर आले, साखळीची जागा प्लेन टेबलाने व नंतर ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन) यंत्राने घेतली, आणि आता भूकरमापकाच्या हाती रोव्हर, म्हणजे उपग्रहांचे संदेश टिपणारे फिरते यंत्र, आले आहे. या यंत्राला आपले स्थान काढण्यासाठी किमान चार उपग्रह दिसावे लागतात, कारण तीन दिशांतील अंतरांबरोबर स्वतःच्या घड्याळाची चूकही त्याला शोधावी लागते. प्रकाश सेकंदाच्या अब्जांशात सुमारे 30 सेंटिमीटर जात असल्याने घड्याळातील अतिसूक्ष्म फरकही शेतात दिसतो. अमेरिकेने 2 मे 2000 पर्यंत जीपीएसच्या नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळली होती, जिच्यामुळे स्थान 100 मीटरपर्यंत हुकू शकत असे. जुन्या मापाने ही चूक जवळजवळ दहा साखळ्यांची होते. प्रवरा नदीच्या पाण्यावरील उसाच्या पट्ट्यात, जेथे हातभर बांधावरून दावे उभे राहतात, तेथे असे साधन निरुपयोगीच ठरले असते.

स्वायत्ततेची गरज येथूनच स्पष्ट होते. भारताच्या नाविक या स्वतःच्या उपग्रह-स्थाननिश्चिती प्रणालीचा पहिला उपग्रह 1 जुलै 2013 रोजी गेला आणि 2016 पर्यंत सातही उपग्रह कक्षेत पोहोचले. पण त्याच वर्षी पहिल्या उपग्रहातील तिन्ही आयात रुबिडियम घड्याळे बंद पडली. 29 मे 2023 रोजी सोडलेल्या एनव्हीएस-01 मध्ये स्वदेशी रुबिडियम घड्याळ बसवण्यात आले, ही या इतिहासातील मोठी गोष्ट आहे; मात्र जानेवारी 2025 मध्ये सोडलेला एनव्हीएस-02 ठरलेल्या कक्षेत नेता आला नाही.

स्वायत्ततेचा आणखी एक अर्थ ग्राहकयंत्रातच दडलेला आहे. पाचवा उपग्रह दिसत असेल तर त्याच्याशी ताळा न जुळल्याने कुठेतरी चूक आहे हे यंत्र स्वतः ओळखते, आणि सहावा असेल तर दोषी उपग्रह कोणता हेही शोधू शकते. लगतच्या खातेदाराला विचारण्याचीच ही रीत होय. त्याचप्रमाणे भारतीय सर्वेक्षण विभागाची सतत कार्यरत संदर्भ केंद्रे, ज्यांना कॉर्स म्हणतात, स्वतःच्या ज्ञात स्थानाशी उपग्रहांचे मोजमाप ताडून पाहतात व त्यावरून मिळणारी दुरुस्ती मोबाइलच्या जाळ्यावरून रोव्हरला पोहोचते, ज्यामुळे चूक काही सेंटिमीटरवर येते. अकोले तालुक्यात कळसूबाईच्या परिसरातील अरुंद खोऱ्यांत मात्र डोंगर आकाश झाकतात आणि मोबाइलचे जाळेही विरळ होते. अशा जागी जुनी टिप्पणे आणि जमिनीत रोवलेले दगड हाच आधार उरतो. म्हणून रोव्हरने मोजणी झाली तरी शेतकऱ्यांनी हद्दीचे दगड उपटू नयेत आणि भूमी अभिलेख कार्यालयांनी टिप्पणे जपून ठेवावीत.