ओळ संपल्याची खूण

नांदेडच्या कचेरीबाहेर अर्ज नि दस्तऐवज टंकून देणाऱ्या लेखनिकाच्या यंत्रावर ओळ संपत आली की घंटी वाजे आणि तो डाव्या हाताने खटका उजवीकडे लोटी. त्या एका हिसक्यात कागद ओळभर वर सरके आणि गाडाही आरंभस्थानी परते. दूरमुद्रकाला मात्र हात नव्हता, म्हणून त्याला तारेवरून परतीचा एक नि सरकवणीचा एक असे दोन हुकूम धाडावे लागत. न्यूझीलंडचे पूर्वाश्रमीचे पत्रकार डोनाल्ड मरे यांनी विसाव्या शतकारंभी रचलेल्या संकेतावलीत दोहोंना स्वतंत्र स्थान मिळाले.

1963 च्या आस्की संकेतावलीने हा वारसा तसाच उचलला: परतीला 13, सरकवणीला 10. त्या काळचे टेलिटाइप मॉडेल 33 हे दूरमुद्रक सेकंदाला दहा अक्षरे छापी, परंतु गाडा परतण्यास एका अक्षराहून अधिक अवधी लागे. सबब परत आधी, सरकवणी मागाहून, असा शिरस्ता पडला. क्रम उलटला, तर पुढील ओळीचे पहिले अक्षर गाडा धावत असतानाच भलत्या जागी उमटे.

गाडा गेला, हुकूम उरले. आणि वारस संगणकप्रणालींत वाटणी झाली. युनिक्सने केवळ 10 ठेवला. 1981 साली एमएस-डॉसने दोन्ही राखले. 1984 च्या मॅकिंटॉशने 13 पुरे मानला नि 2001 मध्ये तो युनिक्सच्या पंक्तीस बसला. या भाऊबंदकीचा जाच आजही विंडोजवर आज्ञावली लिहून लिनक्सवर चालवणाऱ्या विद्यार्थ्याला होतो: पहिल्या ओळीतील दुभाष्याच्या नावाला अदृश्य 13 चिकटतो, त्या नावाचा दुभाषी यंत्रात सापडत नाही आणि पडद्यावर ‘बॅड इंटरप्रिटर’ उमटते.

यावर तोड म्हणून मजकूर-संपादक आज्ञावल्यांनी तर्जुम्याचे काम पत्करले: फाइल उघडताना खूण ओळखावी, जतन करताना तीच किंवा सांगितलेली लिहावी. विंडोजच्या नोटपॅडला ही अक्कल 2018 पर्यंत नव्हती, याचे नवल वाटते. 2005 साली आलेल्या, फाइलींच्या आवृत्त्या राखणाऱ्या गिटने पुढे हा तर्जुमा फाइल घेता-देताना आपोआप करण्याची सोय दिली. पण आपोआप होणारे काम विवेकाशिवाय होते, आणि मजकूर समजून चित्राच्या फाइलीतील 13-10 बदलले गेले, तर चित्र नासते. पीएनजी या चित्र-स्वरूपाच्या कर्त्यांनी हे ओळखून फाइलीच्या आरंभीच्या आठ बाइटांत 13, 10, 26, 10 मुद्दाम गुंफले, की खाडाखोड झाल्यास ती प्रथमदर्शनीच पकडली जावी.

म्हणून कोणती खूण लिहावी हा निवाडा प्रत्येकाच्या संपादकाच्या मर्जीवर सोडू नये. प्रकल्पाच्या मुळाशी ‘.गिटॲट्रिब्यूट्स’ फाइलीत तो एकदाच लेखी नोंदवावा, आणि चित्रांना त्यातून स्पष्ट वगळावे.