मचूळ पाण्याची गोष्ट

माझ्या मुलीचा मुलगा उन्हाळ्याच्या सुट्टीत अमरावतीला आला आणि आल्या आल्या त्यानं हट्ट धरला, "नाना, मला मासे पाळायचेत." मी कवी माणूस. माशांशी माझा संबंध ताटापुरता. पण नातवापुढे कोणाचं चाललंय? आम्ही काचेची पेटी आणली, काळ्या मॉली माशांच्या दोन जोड्या आणल्या. दुकानदार म्हणाला, "चाचा, या माशांना थोडं खारं पाणी मानवतं बरं का."

मी मनात हसलो. खारं पाणी? अहो, माझं आजोळ दर्यापूर तालुक्यातलं. तिथं विहिरी भरून तेच तर आहे! दुसऱ्याच दिवशी एका भाच्याला सांगून दोन कॅन भरून आणवले. पेटी भरली, मासे सोडले. तिसऱ्या दिवशी सकाळी चारही मासे पोट वर करून तरंगत होते. पोरगा रडला नाही. त्यानं एवढंच विचारलं, "नाना, तुमच्या गावच्या पाण्यात असं काय आहे?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी दीडशे वर्षं मागं गेलो. आज तेच सांगणार आहे.

धड गोडं नाही नि धड खारं नाही, अशा पाण्याला आपल्या मराठीत मचूळ म्हणतात. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. नदी समुद्राला मिळते तिथं, खाडीत, ते प्रमाण कमी होतं आणि पाणी मचूळ बनतं. आमच्या वऱ्हाडात मात्र समुद्र शेकडो कोस दूर असून मचूळ पाणी आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगा आणि मधून वाहणारी पूर्णा. या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतला सुमारे 4,700 चौरस किलोमीटरचा खारपाणपट्टा पसरला आहे. त्यात 900च्या आसपास गावं येतात.

माझी नानी दोन माठ ठेवायची. वापरायच्या पाण्याचा मोठा, प्यायच्या गोड्या पाण्याचा छोटा. छोट्याला हात लावायचा तर विचारून. सकाळी वजू करताना तोंडात पाणी घेतलं की खारट चव जिभेवर राहायची. पाणी सांडून वाळलं की फरशीवर पांढरा डाग उमटायचा. तो डाग मी पुढं विसरून गेलो होतो.

आता इतिहासाकडे वळू. 1853 साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 'फिश हाऊस' उघडलं. काचेच्या पेट्यांत जिवंत मासे लोकांना दाखवणारं जगातलं हे पहिलं सार्वजनिक मत्स्यालय मानतात. फिलिप गॉस या निसर्गअभ्यासकाचा त्यात हात होता. 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द रूढ झाला तो त्याच्या 1854च्या पुस्तकामुळं. योगायोग पाहा, त्याच 1853 साली हैदराबादच्या निजामानं आमचा वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. तिकडं लंडनकर खाऱ्या पाण्यातले मासे पाहायला गर्दी करत होते आणि इकडं खाऱ्या पाण्याचा एक मुलूखच त्यांच्या सरकारच्या हाती आला होता. त्या सरकारचं लक्ष होतं वऱ्हाडच्या कापसावर. पाण्याकडं बघितलं ते मिठापुरतं. मिठावर सरकारची मक्तेदारी होती, कर होता. विहिरीचं पाणी आटवून चिमूटभर मीठ काढणं हाही गुन्हा ठरत होता.

म्हणूनच 1930 साली या पाण्याला वेगळं तेज चढलं. 6 एप्रिलला गांधीजींनी दांडीला मीठ उचललं. वऱ्हाडातल्या कार्यकर्त्यांपुढं प्रश्न होता, समुद्र आणायचा कुठून? उत्तर खारपाणपट्ट्यात होतं. अकोला जिल्ह्यातलं दहीहंडा आणि अमरावती जिल्ह्यातलं भामोद, या दोन गावांच्या खाऱ्या विहिरी त्यांनी निवडल्या. पाणी उपसलं, आटवलं, मीठ केलं आणि कायदा मोडला. अमरावतीचे वीर वामनराव जोशी, अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी अशी मंडळी त्या काळच्या चळवळीत पुढं होती. पुढं जुलैत लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला. तो आपल्याला आठवतो, विहिरींचा सत्याग्रह मात्र आपण जवळजवळ विसरलो. ज्या पाण्याला बाया रोज शिव्या देत होत्या, तेच पाणी त्या एप्रिलमध्ये साम्राज्याविरुद्ध कामाला आलं.

हे सगळं मी नातवाला सांगितलं. तो म्हणाला, "पण मासे का मेले?"

पोरगं बरोबर होतं. खाडीचं मचूळ पाणी म्हणजे समुद्राचंच पाणी पातळ झालेलं. आमच्या विहिरीचं पाणी तसं नाही, त्यातल्या क्षारांचा मेळ निराळा. जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यात पोटॅशियम बहुधा कमी पडतं. हरियाणात रोहतकजवळ केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेच्या केंद्रानं अशाच पाण्यात कोळंबी वाढवून दाखवली, पण पोटॅशियमची उणीव भरून काढून. आणि खरं सांगायचं तर पाण्याएवढाच दोष माझ्या घाईचा होता. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. त्याला आधी नायट्राइट आणि मग तुलनेनं निरुपद्रवी नायट्रेट बनवणारे जिवाणू पेटीत वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. मी तीन दिवसही दिले नव्हते.

दुसऱ्या खेपेला आम्ही रीतसर मांडणी केली. पेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. पाणी मावलं सुमारे 50 लिटर. तळाशी शिंपल्यांचा आणि प्रवाळाचा चुरा, म्हणजे पाणी आम्ल होत नाही. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून क्लोरीन उडवला. मीठ स्वयंपाकघरातलं नाही, मत्स्यालयासाठी मिळतं ते समुद्री क्षारांचं मिश्रण, लिटरला पाच ते सात ग्रॅम. ते आधी बादलीत विरघळवलं आणि हायड्रोमीटरनं मोजलं, 1.003 ते 1.005च्या दरम्यान आकडा आला की झालं. फिल्टर लावला, हवेचा पंप लावला, कारण आमच्याकडं उन्हाळ्यात पारा 45च्या पुढं जातो आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो. मग महिनाभर धीर धरला. त्यानंतर दोनच मॉली सोडल्या, थोड्या दिवसांनी आणखी दोन. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलायचं, तेवढ्याच खारटपणाचं.

एक नियम मात्र दुकानदारानं दोनदा बजावला. "चाचा, उन्हानं पेटीतलं पाणी कमी झालं तर वरून भर घालायची ती गोड्या पाण्याची. खारं घालू नका. पाणी उडून जातं, मीठ उडत नाही."

हे ऐकलं आणि मला नानीच्या फरशीवरचा पांढरा डाग आठवला. पेटीच्या काचेवर, पाण्याच्या रेषेशी, अगदी तसाच थर धरला होता. पूर्णेच्या खोऱ्याची सगळी कहाणी त्या थरात आहे. चिकण काळी जमीन, पाण्याचा निचरा कमी, ऊन प्रखर. पाणी उडत राहतं, क्षार मागं राहतात. वरून खारंच पाणी ओलिताला दिलं तर जमीन आणखी घट्ट होते, पीक मार खातं. हेच पाणी वर्षानुवर्षं पिणाऱ्या गावांत मुतखडा आणि मूत्रपिंडाच्या दुखण्याच्या गोष्टी घरोघरी ऐकायला मिळतात.

उपाय तोच, वरून गोडं पाणी. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ या पट्ट्यासाठी पावसाचं पाणी शेततळ्यात साठवून पिकाला द्यायला सांगत आलं आहे. 2018 साली जागतिक बँकेच्या मदतीनं सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात या खोऱ्यातली शेकडो गावं घेतली गेली. वान धरणाचं पाणी अकोट-तेल्हाऱ्याकडच्या गावांत पोचलं. तरीही उन्हाळ्यात आजोळी फोन केला, तर पहिली बातमी असते नळ किती दिवसांनी आला याची.

1930 साली आपल्या माणसांनी या पाण्यातून मीठ काढलं ते कायदा मोडण्यासाठी. मातीतलं मीठ उतरवण्याचं काम रोजचं आहे. त्याला ना मिरवणूक ना जयजयकार. पेटीतल्या पाण्यासारखंच ते मोजत राहावं लागतं.

सुट्टी संपली, नातू परत गेला. मॉली मजेत आहेत. परवा त्यांना पिल्लं झाली. पोरगा फोनवर आधी पिल्लांची चौकशी करतो आणि मग विचारतो, "नाना, गोडं पाणी घातलं ना?" मी रोज सकाळी तांब्याभर घालतो. घालताना नानीचा छोटा माठ आठवतो, ज्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नसे.