चपरास आणि पंख

चांदा जिल्ह्यातील जुन्या जमीनदाऱ्यांचा जो पूर्वेकडील मुलूख १९८२ च्या ऑगस्टात गडचिरोली या नावाने स्वतंत्र जिल्हा झाला, त्याच्या एटापल्ली तालुक्यात, साग आणि बांबू यांच्या दाट रानातून वर उठलेली सूरजागडची डोंगरओळ ज्याने एकवार पाहिली, त्याला तिथल्या मातीचा तांबडा रंग विसरता येत नाही. त्या रंगाचे कारण पोटातले लोखंड. त्या लोखंडापायी अलीकडच्या वर्षांत या डोंगरावर जे घडले व घडत आहे, तो विषय मोठा आहे आणि तो येथे घेत नाही. मला सांगावयाचे आहे ते एका लहान वस्तूविषयी, चार बोटे रुंदीच्या कापडी चिन्हाविषयी, जे मी प्रथम जवळून न्याहाळले ते याच रानात. आणि जे पाहून, पौष-माघाच्या थंडीत ठाकूरदेवाच्या यात्रेला डोंगर चढणाऱ्या एका वृद्धाने विचारलेला प्रश्न आजतागायत माझ्या मनातून गेलेला नाही.

निवडणुकीचे दिवस होते. एटापल्ली आणि भामरागड या तालुक्यांतील दूरच्या केंद्रांवर मतदानाची पथके व यंत्रे वायुदलाच्या हेलिकॉप्टरने पोहोचवावी लागतात, हे महाराष्ट्रात आता सर्वांना ठाऊक आहे. त्या कामावर आलेला एक तरुण वैमानिक, पथक यावयास अवकाश असल्यामुळे, मैदानाच्या कडेला मोहाच्या सावलीत उभा होता. त्याच्या छातीच्या डाव्या बाजूस पसरलेल्या पंखांचे चिन्ह शिवलेले होते. वृद्ध त्याच्याजवळ गेला, बराच वेळ त्या चिन्हाकडे पाहत राहिला, आणि म्हणाला, "साहेब, तुमचा बिल्ला कापडाचाच आहे का जी? माझ्या बापाचा पितळेचा होता." मग त्याने घरी नातवाला पिटाळले, आणि थोड्या वेळाने फडक्यात गुंडाळलेली एक जुनी चपरास आमच्यापुढे आली. चिंचेने घासून घासून तिच्यावरची अक्षरे इतकी झिजली होती की ती वाचण्यापेक्षा बोटाने चाचपावी लागत होती. वृद्धाचा बाप जंगलखात्यात होता. या बाजूला ज्याला नाकेदार म्हणतात, त्याच्या हाताखाली.

चपरास हा शब्द आपल्या दफ्तरी भाषेत फारसीतून आला, आणि त्याची व्युत्पत्ती कोशकार 'चप-ओ-रास्त', म्हणजे डावे-उजवे, अशी देतात. पट्ट्याची दोन टोके डावीकडून व उजवीकडून येऊन जेथे जुळतात ती जोडणी, आणि पुढे त्या जोडणीवरची धातूची पट्टी, असा तिच्या अर्थाचा प्रवास झाला. ती वागवणारा तो चपराशी. देशावर त्यालाच पट्टेवाला म्हणतात, म्हणजे एकीकडे पट्टीवरून नाव पडले आणि दुसरीकडे पट्ट्यावरून. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा होऊन हा मुलूख इंग्रजांकडे गेला, आणि त्यानंतर जंगलाची हद्द आखणारे, लाकडाची व चराईची वसुली करणारे जे सरकार या रानात शिरले, ते रानातल्या माणसाला प्रथम दिसले ते कायद्याच्या पुस्तकाच्या रूपाने नव्हे. ते दिसले छातीवर चकाकणाऱ्या पितळेच्या तुकड्याच्या रूपाने. ज्याच्या अंगावर चपरास, त्याच्या तोंडून हुकूम. ती काढली की तोच मनुष्य पुन्हा शेजारी. चपराशीची सत्ता त्याची स्वतःची नव्हे, ती उसनी, हे त्या वस्तूच्या घडणीतच लिहिलेले आहे. धातू सरकारचा, क्रमांक सरकारचा, आणि नोकरी सुटताच ती सरकारजमा.

वैमानिकाचे पंख हेही डावे-उजवेच. परंतु त्यांचा इतिहास अगदी उलट वाटेने गेला. इंग्लंडात १९१२ साली लष्कराचे उड्डाणदल स्थापन झाले, आणि विमान चालवण्यास शिकलेल्या मनुष्याची ओळख गणवेशावर कशी दाखवावी हा प्रश्न लगेच उभा राहिला. जनरल डेव्हिड हेंडरसन आणि फ्रेडरिक साइक्स या दोन अधिकाऱ्यांनी जो आराखडा केला त्याला १९१३ च्या फेब्रुवारीत राजाची मंजुरी मिळाली: मध्ये पर्णमालेत दलाची आद्याक्षरे, वर मुकुट, आणि दोन्ही बाजूंस रेशमाने भरलेले पंख. हे पंख गरुडाचे किंवा ससाण्याचे नव्हते, ते पाकोळीचे होते. जी लहानशी पाकोळी सारे आयुष्य हवेत काढते, जिचे पाय इतके आखूड की सपाट जमिनीवर तिला नीट उभेही राहता येत नाही, तिचे पंख त्यांनी निवडले. आणि मला वाटते, चिन्हाच्या रचनेतली सर्वांत सुज्ञ गोष्ट तीच आहे. गरुड पराक्रम मिरवतो. पाकोळी एवढेच सांगते की हिचे काम हवेत आहे.

पण विमानात एकटा चालकच नसे. त्याच्याबरोबर निरीक्षक असे. खाली पाहून नकाशावर टिपणे, शत्रूच्या तोफांची जागा सांगणे, प्रसंगी बंदूक चालवणे ही कामे तो करी, आणि विमान कोसळले तर तोही मरे. त्याला काय द्यावे? १९१५ साली त्याच्यासाठी जे चिन्ह निघाले त्यात 'ओ' हे अक्षर होते आणि त्या अक्षरातून एकाच बाजूला निघालेला एकच पंख. डावे आहे, उजवे नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तोफचालक, दिशादर्शक, यंत्रज्ञ यांच्यासाठी अक्षरे बदलली, पंख मात्र एकटाच राहिला. तोफचालकाच्या पहिल्या आराखड्यात पिसे तेरा भरली होती आणि अपशकुन नको म्हणून त्यांतले एक पुढे कमी करण्यात आले, असे सांगतात. मृत्यूच्या इतक्या जवळ वावरणाऱ्यांचे मन एका पिसाशी कसे गुंतते, याचा मला तरी अचंबा वाटत नाही. मला खटकतो तो अर्धा पंख. जोखीम पूर्ण आणि खूण अर्धी, ही वाटणी रचनेच्या दृष्टीने कितीही सोयीची असली तरी न्यायाची नव्हती, असे माझे स्पष्ट मत आहे.

या पंखांसाठी हिंदी तरुणांना जे द्यावे लागले ते त्याहून कठीण होते. पहिल्या महायुद्धात राजाची सनद घेऊन अधिकारपदावर उडण्याची मुभा हिंदी माणसाला सहजासहजी मिळत नसे. हरदितसिंग मलिक हे प्रथम फ्रेंच रेडक्रॉसची रुग्णवाहिका चालवण्यास स्वेच्छेने गेले, आणि ऑक्सफर्डमधील त्यांच्या गुरूंनी जनरल हेंडरसन यांना लिहिले तेव्हा १९१७ मध्ये त्यांना उड्डाणदलाची वाट मोकळी झाली. ज्याने पंखांचा आराखडा केला त्याच गृहस्थाने ते एका हिंदी छातीवर लागण्याची सोय केली, हा योग विलक्षण आहे. इंद्रलाल रॉय हा बंगाली मुलगा १९१८ च्या जुलैत अवघ्या तेरा दिवसांत दहा विमाने पाडून, विसावे वर्ष पुरे होण्याआधीच, त्याच महिन्याच्या २२ तारखेला पडला. आणि मराठी वाचकांनी ज्याचे नाव विसरू नये तो मुंबईचा श्रीकृष्ण वेलिंगकर. केंब्रिजमध्ये शिकलेला हा तरुण उड्डाणदलात शिरला, २३ व्या स्क्वाड्रनमधून डॉल्फिन जातीचे विमान घेऊन २७ जून १९१८ रोजी गस्तीवर गेला तो परतला नाही. शत्रूच्या हाती जखमी अवस्थेत सापडून तीन दिवसांनी त्याचा अंत झाला. फ्रान्समधील हांगार या गावी त्याची कबर आहे. त्याला कोणी सक्तीने भरती केलेले नव्हते. आपल्या घरापासून, आपल्या भाषेपासून इतक्या दूर, एका परक्या राजाच्या मुकुटाखालचे पंख त्याने स्वतः मागून घेतले होते.

हिंदी वायुदलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. कराचीजवळ ड्रिग रोड येथे १ एप्रिल १९३३ रोजी पहिली तुकडी उभी राहिली तेव्हा विमाने चार वापिती, आणि खालच्या दर्जाच्या माणसांना नाव मिळाले हवाई सिपाही. हा फारसी जोडशब्द मला फार आवडतो. त्यात दफ्तराची शिस्तही आहे आणि आकाशही आहे. युद्ध आले तेव्हा स्वयंसेवकांची राखीव फळी उभारण्यात आली, आणि मद्रास, मुंबई, कलकत्ता, कराची यांसारख्या बंदरांवर समुद्राची टेहळणी करण्यासाठी किनारा-संरक्षणाच्या तुकड्या निघाल्या. हौशी उड्डाणसंस्थांतून, पदरचे पैसे खर्चून परवाना घेतलेली मुले या फळीत आली.

येथे रचनाकारापुढे खरा पेच येतो. स्वयंसेवकाचे चिन्ह नेहमीच्या शिपायाहून वेगळे असावे काय? वेगळे केले तर तो दुय्यम ठरतो. न केले तर त्याचे स्वेच्छेने येणे अदृश्य होते. ब्रिटनमध्ये १९३६ पासूनच्या राखीव स्वयंसेवक दलाने तोड काढली ती अशी: पंख सर्वांचे एकच, स्वयंसेवकाच्या कोटाच्या कॉलरवर 'व्हीआर' ही दोन लहान पितळी अक्षरे अधिक. अमेरिकेत १ डिसेंबर १९४१ रोजी स्थापन झालेल्या सिव्हिल एअर पेट्रोलने निराळा मार्ग धरला. तेथील नागरिक आपापली खासगी विमाने घेऊन पाणबुड्यांच्या शोधार्थ किनाऱ्यावर घिरट्या घालीत. त्यांनी नागरी संरक्षणाचा पांढरा त्रिकोण घेतला, त्यात तांबड्या रंगाचा तीन पात्यांचा पंखा बसवला, आणि तो निळ्या वर्तुळात ठेवला. दोन्ही उत्तरे मला प्रामाणिक वाटतात. तथापि निवड करावयाची झाली तर मी पहिले उत्तर निवडीन; कारण हवेत गेल्यावर वारा पगारी कोण आणि स्वयंसेवक कोण हे विचारीत नाही.

आता हे चिन्ह तयार कसे होते ते पाहण्यासारखे आहे. रोजच्या गणवेशावर सुती वा रेशमी भरतकाम चालते. पण समारंभाच्या वेषासाठी कलाबतूचे पंख लागतात, आणि ते काम आजही हातानेच होते. वाराणसीच्या लल्लापुरा मोहल्ल्यातले जरदोजीचे कारागीर परदेशांच्या पलटणींची चिन्हेसुद्धा पिढ्यान्‌पिढ्या भरत आले आहेत. प्रथम कागदावर खाका काढतात, त्याच्या रेषांवर सुईने टोचे मारतात, कागद ताणलेल्या कापडावर ठेवून वरून खडूची पूड चोळतात, म्हणजे कापडावर ठिपक्यांची रेषा उमटते. मग पिसांच्या जागी दोऱ्याचे थर देऊन उठाव आणतात. तारेच्या बारीक वेटोळ्या नळीचे कात्रीने तुकडे पाडून, एकेक तुकडा मण्यासारखा सुईत ओवून, त्या उठावावर आडवा बसवतात. तुकडा केसाएवढा लांब झाला तर तो फुगतो, आखूड झाला तर खालचा दोरा दिसतो. पंखाच्या मुळाशी तुकडे लहान, टोकाकडे लांब. म्हणून हात सराईत असेल तर पीस हलते आहे असा भास होतो.

त्याच वाराणसीजवळच्या सारनाथचे सिंह पुढे या पंखांच्या वर येऊन बसावेत, हा इतिहासाचा सुंदर योगायोग. २६ जानेवारी १९५० रोजी 'रॉयल' हे पाच वर्षे लागलेले उपपद गळून पडले, मुकुट गेला, आणि अशोकस्तंभाचे सिंह आले. १९४० साली वायुदलात दाखल झालेले, आणि १९७६ ते १९७८ या काळात वायुदलप्रमुख असलेले मुंबईचे हृषीकेश मूळगावकर यांच्या पिढीने हा बदल स्वतःच्या छातीवर अनुभवला. पंख तेच राहिले. कोणाच्या नावाने उडावयाचे, तेवढे बदलले.

आमच्या चांद्याला मात्र सिंहाचे चिन्ह त्याच्याही कितीतरी आधीपासून परिचयाचे आहे. चंद्रपूरच्या गोंड राजांनी बांधलेल्या कोटाच्या वेशींवर हत्तीला नमवणारा सिंह कोरलेला आहे. जटपुरा वेशीतून रोज जाणाऱ्याला त्याच्याकडे मान वर करून पाहण्याचीही सवय उरलेली नाही. या मुलखात राजचिन्हाची परंपरा होती, आणि चिन्हाविना लढणाऱ्यांचीही होती. १८५८ साली इंग्रजांविरुद्ध मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके यांच्यामागे जे गोंड, माडिया आणि रोहिले उभे राहिले, त्यांच्या अंगावर कुठल्याही सरकारचा बिल्ला नव्हता, आणि त्यांना पगाराचा तक्ताही नव्हता. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात बाबुरावांना फाशी देण्यात आली. स्वेच्छेने आलेल्यांची ओळख पटवणारे कापड किंवा धातू त्या लढाईने मागे ठेवलेले नाही. गावोगावच्या आठवणीत नाव तेवढे राहिले.

सावलीत उभ्या असलेल्या त्या वैमानिकाने चपरास हातात घेतली, तिचे वजन तळव्यावर तोलून पाहिले, आणि तिच्या दोन्ही कडांची पट्टा ओवण्याची भोके बोटाने चाचपली. एक डावीकडे, एक उजवीकडे. "बाबा, नोकरी संपल्यावर ही परत करावी लागते ना?" त्याने विचारले. वृद्ध म्हणाला, "हो जी. बापानं हरवली म्हणून सांगितलं अन् दंड भरला. पगारातून कापला." मग त्याने उलट विचारले, "तुमची?" तरुणाने सांगितले की उडणे थांबले, जमिनीवरच्या कामावर बदली झाली, तरी पंख काढून घेत नाहीत, एकदा मिळाले की ते त्याचेच. वृद्धाने मान हलवली. चपरास परत घेऊन त्याने ती सदऱ्याच्या बाहीने पुसली, आणि फडक्यात गुंडाळण्यापूर्वी, अक्षरांची बाजू वर येईल अशी, क्षणभर स्वतःच्या छातीशी धरली.