काळ्याच्या पोटी पांढरे

सातवीच्या वर्गात एकदा प्राण्यांची चित्रे दाखवीत होतो. त्यांतल्या एका चित्रात गर्द हिरवे रान होते, शेवाळाने माखलेले खडक होते, आणि खळाळत्या ओढ्याच्या मधोमध पाय रोवून एक पांढरे अस्वल उभे होते. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "सर, चित्र चुकलंय. पांढरं अस्वल बर्फात असतं." वर्ग हसला. मी म्हटले, "अरे, ते निराळे. हे काळे अस्वल आहे; फक्त रंगाने पांढरे आहे." यावर वर्ग पुन्हा हसला, आणि या खेपेला माझ्यावर हसला.

मुलांचे काही चुकले नव्हते. मी बोललो ते होतेच तसे विचित्र. पण ते शब्दशः खरे होते, आणि त्यातच या प्राण्याची सारी कहाणी साठवलेली आहे.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर ब्रिटिश कोलंबिया नावाचा प्रांत आहे. त्याच्या नकाशाकडे पाहिले तर किनारा जणू उंदरांनी कुरतडला आहे असे वाटते. समुद्राच्या अरुंद खाड्या डोंगरांत कोसच्या कोस आत घुसलेल्या, आणि बाहेर बेटांची दाटी. पाऊस म्हणाल तर आपल्या आंबोलीची आठवण व्हावी असा; फरक इतकाच की तो चार महिन्यांनी रजा घेत नाही. त्या पावसावर हजार हजार वर्षांचे देवदार जातीचे वृक्ष पोसले आहेत. या रानात काळी अस्वले पुष्कळ. परंतु प्रिन्सेस रॉयल आणि ग्रिबेल या दोन बेटांवर, व थोडीबहुत आसपासच्या किनाऱ्यावर, त्या काळ्यांच्या पोटी मधूनच एखादे पांढरे पिल्लू जन्माला येते. पांढरे म्हणजे चुन्यासारखे नव्हे. सायीसारखे, पाठीवर किंचित पिवळसर झाक असलेले. डोळे मात्र गडद आणि नाकही काळसर. म्हणजे ज्याला आपण कोड किंवा सूर्यमुखीपणा म्हणतो, त्यातला हा प्रकार नव्हे. जगात अशी अस्वले फार तर काही शे असतील.

त्या किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी त्सिम्शियन भाषेत त्याला 'मॉक्सगमोल' म्हणतात. अर्थ सरळ आहे: पांढरे अस्वल. त्यांच्यात एक कथा चालत आली आहे. सृष्टी घडवणारा त्यांचा देव म्हणजे डोमकावळा. आपल्याकडे कावळ्याची आठवण पिंडाला शिवण्यापुरती होते. तिकडे त्याने जग निर्माण केले आहे. एके काळी सारी भूमी बर्फाखाली होती. कावळ्याने ती हिरवी केली, आणि त्या पांढऱ्या काळाची आठवण राहावी म्हणून काळ्या अस्वलांत फिरून दर दहातले एक अस्वल पांढरे केले. त्यांना एक बेट दिले आणि येथे तुम्ही सुखाने राहाल असे वचन दिले.

वचन पाळणे पुढे कावळ्यापेक्षा माणसांच्याच अंगावर पडले. एकोणिसाव्या शतकात केसाळ कातड्यांचे व्यापारी या किनाऱ्यावर पसरले. अस्वल, बीव्हर, पाणमांजर, जे दिसेल त्याचे कातडे सोलून गलबते भरत होती. अशा वेळी पांढऱ्या अस्वलाचे नाव बाहेरच्या माणसापुढे काढायचे नाही, असा या लोकांत दंडक होता, असे तिथली वडीलधारी मंडळी सांगतात. घरातसुद्धा त्याविषयी फारसे बोलत नसत. एका अख्ख्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या तोंड मिटून एखादे जनावर राखले, याचे मला फार नवल वाटते. आमच्या वर्गात एक गुपित मधल्या सुट्टीपर्यंत टिकत नाही.

तरीही गुपित फुटले. १९०० साली विल्यम हॉर्नडे नावाच्या अमेरिकन गृहस्थांना व्हिक्टोरिया शहरातल्या एका कातड्यांच्या व्यापाऱ्याकडे एक चमत्कारिक पांढरे कातडे दिसले. हे हॉर्नडे न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयाचे प्रमुख. तरुणपणी, १८७६ ते १८७९ या काळात, ते प्राण्यांचे नमुने गोळा करीत हिंदुस्थान, सिलोन, मलाया आणि बोर्निओ हिंडले होते. आपल्या दक्षिणेकडच्या अनामलईच्या रानात त्यांची बंदूक पुष्कळ वाजली होती. त्यांनी आणखी कातडी मिळवली. व्हिक्टोरियाच्या प्रांतिक संग्रहालयाचे फ्रान्सिस कर्मोडी यांनी त्यांना साहाय्य केले. १९०५ साली हॉर्नडे यांनी जगाला जाहीर केले की अस्वलाची ही एक सर्वस्वी नवी जात आहे, आणि मित्राच्या नावावरून तिला 'कर्मोडी' हे नाव दिले. जनावराला नाव होते, ते उच्चारायचे नाही म्हणून जपून ठेवलेले होते. आता त्याला दुसरे नाव मिळाले, आणि ते छापून आले.

हॉर्नडे हा माणूस मोठा गुंतागुंतीचा. अमेरिकेतला गवा नामशेष होत होता, तो वाचवण्यासाठी त्यांनी जिवाचे रान केले. आणि त्याच हॉर्नडेंच्या संग्रहालयात १९०६ साली कांगोतला ओटा बेंगा नावाचा तरुण माकडांच्या घरात लोकांना पाहण्यासाठी ठेवला गेला. रानटी प्राण्याविषयी इतका कळवळा असलेल्या मनाला माणसाविषयी तो का सुचू नये, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

नवी जात म्हणून केलेली ती घोषणा चुकीची होती. पुढे शास्त्रज्ञांच्या ध्यानात आले की ही वेगळी जात नव्हेच. काळ्या अस्वलाचाच हा एक वंश, आणि त्या वंशातली बहुतेक अस्वले काळीच असतात. पण लोकांचे डोळे पांढऱ्यावर खिळले ते खिळलेच. १९२४ साली एक पांढरे पिल्लू व्हिक्टोरियातल्या बीकन हिल बागेतल्या पिंजऱ्यात आणून ठेवले. त्याचे नाव 'उर्सस', म्हणजे लॅटिनमध्ये नुसते 'अस्वल'. ते १९४८ साली मेले, त्याच बागेत. चोवीस वर्षे! बेटावरचे पांढरे अस्वल सामन माशांच्या चोवीस मोसमांना ओढ्यात उतरले असते.

उर्ससविषयी वाचताना मला लहानपणीचा दरवेशी आठवला. गल्लीत डमरू वाजला की आम्ही धावत सुटायचो. अस्वलाच्या नाकातून वेसण ओवलेली असे. आई मला दोन मिनिटे त्याच्या पाठीवर बसवून घेई, म्हणजे पोराचे भय जाते, आणि दरवेशी त्याचा एक केस उपटून ताइतासाठी देई. माझे भय गेले की नाही ते सांगता येणार नाही. त्या अस्वलाचे डोळे मात्र लक्षात आहेत. १९७२ चा वन्यप्राण्यांचा कायदा झाल्यावरही हे खेळ कितीतरी वर्षे चालू होते. असो.

आता वर्गातला प्रश्न: काळ्या आईबापांना पांढरे पिल्लू होते कसे? माझे शास्त्राचे शिक्षण मॅट्रिकपुरते. पण आपल्या घरात याचे उत्तर केव्हाच तयार आहे. आईबाप सावळे, आणि मूल घारे-गोरे निघाले की शेजारणी कुजबुजतात, तेवढ्यात माजघरातून म्हातारी ओरडते, "आमच्या सासूबाईंवर गेलंय!" म्हातारीचे बरोबर असते. २००१ साली ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले कर्मिट रिटलंड आणि त्यांचे सहकारी यांनी रानातल्या अस्वलांचे केस गोळा करून तपासले. केसांचा रंग ठरवणारे एक जनुक असते. माणसाचे तांबडे केस आणि लॅब्रॅडॉर कुत्र्याचा पिवळा रंग याच जनुकाची करामत. या अस्वलांत त्या जनुकातले अवघे एक अक्षर बदललेले आढळले. ते बदललेले अक्षर आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून मिळाले तरच पिल्लू पांढरे होते. एकाकडूनच मिळाले तर पिल्लू काळेच, पण पांढरेपण पोटात घेऊन हिंडणारे. अशी दोन काळी एकत्र आली, की त्यांच्या चार पिल्लांत सरासरी एक पांढरे. त्या दोन बेटांवर पांढऱ्यांचे प्रमाण दहात एक किंवा त्याहून अधिक असे निघाले. कावळ्याचा हिशेब फारसा चुकला नव्हता.

हा रंग त्या रानात टिकला कसा, हेही पाहण्यासारखे आहे. पावसाळी शरदात सामन मासे समुद्रातून ओढ्यांत चढतात. वर्षभर गवत, रानबोरे, किनाऱ्यावरचे शिंपले यांवर भागवणारी अस्वले तेव्हा पाण्यात उतरतात. हिवाळ्याची चरबी अंगावर चढते ती या काही आठवड्यांत. व्हिक्टोरिया विद्यापीठातले क्लिंका आणि राइमखेन या दोघांनी ओढ्याकाठी बसून अस्वलांच्या झेपा मोजल्या. २००९ साली त्यांनी प्रसिद्ध केले की रात्री काळे-पांढरे सारखेच. पण दिवसा पांढऱ्याची दर तीन झेपांत साधारण एक साधते, काळ्याची चारांत एक. पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला ढगाळ आभाळापुढे काळी आकृती चटकन दिसते, पांढरी तितकीशी दिसत नाही. एवढाच फायदा. पण भरल्या पोटाने हिवाळ्यात शिरणे आणि अर्ध्या पोटाने शिरणे यांत जीवनमरणाचे अंतर असते. पकडलेला मासा अस्वल झाडीत नेते, त्यातले आवडीचे तेवढे खाते आणि बाकीचे टाकून देते. ते कुजते, मातीत मुरते. समुद्रातला हा नत्र त्या वृक्षांच्या खोडांत सापडला आहे. म्हणजे मासा झाडाला लागतो आणि झाड अस्वलाला, कारण हिवाळ्याची गुहा बहुधा जुन्या महावृक्षाच्या पोकळ बुंध्यातच असते. तरुण झाडाला तशी ढोली नसते. लाकूडतोड्यांनी जुने रान कापले आणि नवे लावले तर ते नकाशावर रानच दिसते. अस्वलिणीला मात्र बाळंतपणासाठी जागा उरत नाही.

त्यावरून वादही फार झाले. २००६ साली या अस्वलाला प्रांताचा अधिकृत प्राणी करण्यात आले. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकसाठी काढलेल्या बाहुल्यांतली मिगा ही अर्धी देवमाशाची आणि अर्धी या अस्वलाची होती. मोठी झुंज तेलाची. ग्रिबेल बेटाजवळच्या अरुंद खाडीतून तेलाची जहाजे न्यायची योजना होती. २०१६ साली ती सरकारने फेटाळली. त्याच साली सुमारे चौसष्ट लाख हेक्टरांच्या या रानाविषयी करार होऊन त्यातले ८५ टक्के जंगल तोडीपासून राखण्यात आले. जहाजांविषयी तेथल्या हार्टले बे गावाला कुणी शिकवायला नको होते. मार्च २००६ मध्ये एक मोठी प्रवासी बोट त्यांच्याजवळच मध्यरात्री खडकावर आपटून बुडाली, तेव्हा गावकरी आपल्या होड्या घेऊन अंधारात धावले. १०१ माणसांपैकी ९९ वाचली.

इतके झाले, तरी एक भोक राहिलेच होते. पांढरे अस्वल मारायला कायद्याने बंदी होती. काळे मारायला परवाना मिळे. शिकारी मोसमात बेटावर येई, पांढरे दिसले तर बंदूक खाली ठेवून छायाचित्र घेई, आणि शेजारचे काळे टिपून घरी नेई. त्या काळ्याच्या पोटात काय होते, हे त्याला कळायचे कसे? कायद्यालाही कळले नव्हते. तिथल्या कितासू आणि गिटगाट लोकांना मात्र ते कळत होते. त्यांनी शास्त्रज्ञांबरोबर वर्षानुवर्षे झाडांवर, तारांवर अडकलेले अस्वलांचे केस वेचले. २०२० साली निष्पन्न झाले की ते पांढरे जनुक समजत होतो त्याहून बरेच विरळ आहे, आणि ते जेथे अधिक सापडते त्यांतली निम्मी ठिकाणे राखीव जंगलाबाहेर आहेत. या दोन्ही समाजांनी सरकारशी बोलणे लावून धरले. अखेर २०२२ च्या जुलैपासून त्यांच्या मुलुखातल्या आठ हजारांहून अधिक चौरस किलोमीटरांत काळ्या अस्वलाच्या शिकारीलाही बंदी झाली. हॉर्नडेंच्या लेखानंतर ११७ वर्षांनी.

मी हे सारे वर्गात सांगितले तेव्हा मागच्या बाकावरचा तोच मुलगा म्हणाला, "म्हणजे सर, काळं दिसलं तरी ते पांढरं असू शकतं?" मी म्हटले, "असू शकते." या खेपेला कुणी हसले नाही.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा तिकडे सामन माशांचा मोसम संपत आलेला असेल. ओढ्याकाठी माशांची डोकी पडलेली असतील, आणि पोट टम्म भरलेली एखादी काळी अस्वलीण पावसातून चढावर निघाली असेल, ढोली शोधायला. उन्हाळ्यात धरलेला गर्भ तिच्या पोटात आता कुठे रुजू लागेल. जानेवारीच्या सुमारास, बाहेर गारठा असताना, त्या अंधाऱ्या बुंध्यात मूठभर आकाराची दोन पिल्ले होतील. त्यांचा रंग कोणता, हे मार्च-एप्रिलात ती उजेडात येईपर्यंत कुणालाच दिसणार नाही.