‘उपाशीपोटी यावे’

वासिष्ठी समुद्राला मिळते तिथं, दाभोळ खाडीच्या दक्षिण तीरावर अंजनवेल आहे. गोपाळगडाच्या शेजारीच रत्नागिरी गॅस अँड पॉवरचा १,९६७ मेगावॉटचा प्रकल्प उभा आहे. पूर्वी तो एन्रॉनचा म्हणून गाजला. अशा कारखान्यांत वर्षातून एकदा सूचना लागते: रक्ततपासणीसाठी उपाशीपोटी यावे. या तीन शब्दांमागे दोन वेगळी कुळं आहेत.

पहिलं कुळ कायद्याचं. इंग्लंडमध्ये १८३३च्या कारखाना कायद्याने गिरणीतल्या मुलाचं वय ठरवायला डॉक्टर बोलावला. जन्माची नोंद नसायची, म्हणून अंगकाठी पाहायची, दात पाहायचे. भारतात पहिला कारखाना कायदा १८८१चा, आजच्या पद्धतीचा पाया १९४८चा. भोपाळची वायुगळती झाली १९८४मध्ये, आणि १९८७मध्ये कायद्यात ४१-सी हे कलम आलं: धोकादायक प्रक्रियेतल्या कामगाराची कामावर घेण्यापूर्वी आणि नंतर बारा महिन्यांच्या आत पुन्हा तपासणी. या प्रक्रियांच्या यादीत वीजनिर्मिती आहे.

या कुळाचा प्रश्न एकच, कारखाना माणसाच्या शरीराचं काय करतो? रक्ततपासणीत मोजलं जाणारं कोलेस्टेरॉल त्या प्रश्नात बसत नाही. ते घरून येतं, कधी थेट आईबापांकडून येतं.

त्याचं कुळ निराळं. पित्ताशयातल्या खड्यांत सापडलेल्या मेणचट पदार्थाला शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८१५च्या सुमारास नाव दिलं. ग्रीकमध्ये ‘खोले’ म्हणजे पित्त, ‘स्टेरेओस’ म्हणजे घट्ट. पित्ताचा हा खडा रक्तात मोजण्यासाठी कारखान्याच्या दारात आला तो शिकागोत. १९५८मध्ये तिथल्या पीपल्स गॅस कंपनीतल्या पुरुषांची तपासणी सुरू झाली. मग १९६७ ते १९७३ या काळात ८४ कंपन्यांतले सुमारे ४०,००० स्त्री-पुरुष तपासले गेले. कामाची जागा निवडण्याचं कारण साधं होतं. एरवी ज्यांना काही दुखत नाही आणि जे दवाखान्याची पायरी चढत नाहीत, ती माणसं तिथं एकत्र भेटतात.

आपल्याकडचं उदाहरण मला याहून मोलाचं वाटतं. पश्चिम रेल्वेचे मुख्य वैद्यकीय अधिकारी डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी देशभरच्या रेल्वे कर्मचाऱ्यांच्या हृदयविकाराच्या मृत्यूंचा अभ्यास १९६७मध्ये प्रसिद्ध केला. उत्तरेकडचे लोक कितीतरी जास्त तूप-लोणी खात होते, तरी दक्षिणेत मृत्यूचं प्रमाण सातपट होतं. त्यामागच्या कारणांवर पुढे वाद झाले. पण नुसतं ताट पाहून माणसाचं हृदय ओळखता येत नाही, एवढं तेव्हाच दिसलं होतं. ‘आम्ही मासे खाणारे, आम्हाला काय होतंय’ हे किनाऱ्यावर ऐकलं की मला ते रेल्वेवाले आठवतात.

मोजण्याची रीतही बदलत गेली. जुन्या प्रयोगशाळेत रक्तद्रवात तीव्र गंधकाम्ल घालून उमटणारा हिरवा रंग पाहत. १९७४च्या सुमारास विकरांची पद्धत आली, हिरव्याच्या जागी गुलाबी रंग आला, आणि यंत्रावर एका दिवसात शेकडो नमुने होऊ लागले. उपाशीपोटाचा आग्रह मुख्यतः ट्रायग्लिसराइड या रक्तातल्या चरबीसाठी. जेवणाने एकूण कोलेस्टेरॉल फारसं हलत नाही. २०१६मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी नेहमीच्या तपासणीसाठी उपास गरजेचा नाही असं मत दिलं. म्हणून रात्रपाळी संपवून, चहा-चपाती खाऊन आलेल्या माणसाला परत पाठवणं मला चुकीचं वाटतं. तो पुन्हा येईलच असं नाही.

आणि ‘फिट’ हा शेरा पहिल्या कुळाचा आहे. माणूस काम करू शकेल, एवढंच तो सांगतो. कोलेस्टेरॉल २९० असलेला माणूसही फिट ठरू शकतो. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हणतात ते कोलेस्टेरॉल, १९०च्या वर असेल तर डॉक्टरांना दाखवाच, शिवाय भावंडांचं आणि मुलांचं रक्तही तपासून घ्या. दोष आनुवंशिक असेल तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते.

तपासणी झाली की आकड्यांचा कागद मागून घ्या. आपल्या आरोग्याची नोंद पाहण्याचा कामगाराचा हक्क २०२५पर्यंत लागू असलेल्या त्याच ४१-सी कलमात लिहिलेला होता, आणि १९४८च्या त्या कायद्याच्या व्याख्येत कंत्राटदारामार्फत आलेला माणूसही कामगारच होता.