स्पायडर गेट्स दफनभूमी

स्पायडर गेट्स दफनभूमी (मूळ नाव: फ्रेंड्स दफनभूमी) ही अमेरिकेच्या मॅसेच्युसेट्स राज्यातील वूस्टर काउंटीत लेस्टर या गावी असलेली क्वेकर पंथीयांची जुनी दफनभूमी आहे. अठराव्या शतकात अस्तित्वात आलेली ही जागा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भुताखेतांच्या आख्यायिकांमुळे न्यू इंग्लंड प्रदेशात प्रसिद्ध झाली. या आख्यायिकांमध्ये दफनभूमीतील ज्या खुणांना गूढ अर्थ दिला जातो, त्यांपैकी काहींचा उलगडा क्वेकर पंथाच्या आचारविचारांवरून होतो.

नाव

दफनभूमीच्या लोखंडी प्रवेशद्वारावरील नक्षी कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. त्यावरून ‘स्पायडर गेट्स’ हे लोकप्रचलित नाव पडले. ही नक्षी जाळ्याची नसून सूर्यकिरणांची आहे, असे सांगितले जाते.

पार्श्वभूमी

क्वेकर पंथ, म्हणजेच ‘रिलिजिअस सोसायटी ऑफ फ्रेंड्स’, सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स (१६२४–१६९१) यांच्या प्रभावाखाली उदयास आला. प्रत्येक मनुष्यात ईश्वरी प्रकाश वसतो, अशी या पंथाची धारणा आहे. पारंपरिक क्वेकर उपासनेत पुरोहित, वेदी आणि संस्कारविधी यांना स्थान नसते; उपासक एकत्र जमून मौन धारण करतात. मॅसेच्युसेट्समधील प्युरिटन सत्तेने या पंथीयांचा छळ केला. १६५९ ते १६६१ या काळात बॉस्टन येथे चार क्वेकरांना फाशी देण्यात आली. मेरी डायर या त्यांपैकी एक होत.

पुढे अठराव्या शतकात लेस्टर येथे क्वेकरांची वस्ती स्थिरावली. तिच्यात अर्ल घराणे प्रमुख होते. या घराण्यातील प्लिनी अर्ल (१७६२–१८३२) यांनी कापूस पिंजण्याच्या यंत्रांचे भाग तयार करण्यात नाव मिळविले. त्यांचे पुत्र टॉमस अर्ल हे १८४० साली गुलामगिरीविरोधी लिबर्टी पक्षाचे उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होते. दुसरे पुत्र, धाकटे प्लिनी अर्ल (१८०९–१८९२), हे अमेरिकेतील आरंभीच्या मनोविकारतज्ज्ञांपैकी एक होत. क्वेकरांचे जुने सभागृह दफनभूमीच्या आवारातच होते. आज तेथे केवळ त्याची जागा उरली आहे.

आख्यायिका

या स्थळाविषयी प्रचलित असलेल्या प्रमुख आख्यायिका पुढीलप्रमाणे आहेत:

* नरकाची द्वारे: दफनभूमीचे प्रवेशद्वार हे नरकाकडे नेणाऱ्या आठ द्वारांपैकी एक असून उरलेली द्वारे आसपासच्या रानात विखुरलेली आहेत, असे सांगितले जाते.
* वेदी: आवारातील एक उंचवट्याची जागा सैतानपूजेची वेदी असल्याचे मानले जाते.
* मार्माड्यूक अर्ल यांचे थडगे: मध्यरात्री या थडग्याला दहा प्रदक्षिणा घालून शिळेवर डोके टेकले व मृताला साद घातली, तर तो उत्तर देतो, अशी समजूत आहे.
* झाडाची कथा: आवारातील एका झाडाशी तरुणाच्या आत्महत्येची कथा जोडली जाते.
* दुसरी दफनभूमी: जवळच्या रानात आणखी एक दफनभूमी असून ती एखाद्यास एकदाच सापडते, पुन्हा शोधल्यास दिसत नाही, असे म्हणतात.

यांखेरीज जमिनीतून पांढरा द्रव पाझरणे आणि रानातून डरकाळीसारखा आवाज येणे यांविषयीच्या कथाही सांगितल्या जातात.

चिकित्सा

आख्यायिकांमध्ये वेदी म्हटली जाणारी जागा ही प्रत्यक्षात जुन्या सभागृहाची जागा आहे. क्वेकर सभागृहात वेदीच नसते. त्यामुळे या कथेने ज्या वस्तूची कल्पना केली, ती या पंथाने मुळातच नाकारलेली होती. हीच गोष्ट थडग्यांबाबतही दिसते. मृत्यूनंतर श्रीमंत व गरीब असा भेद दिसू नये, म्हणून जुने क्वेकर समाधिशिळा उभारण्याचे टाळत किंवा बुटक्या, अलंकारहीन शिळा वापरत. थडग्यांवर क्रूस कोरण्याची प्रथाही त्यांच्यात नव्हती. महिन्यांची काही प्रचलित नावे रोमन देवतांवरून आलेली असल्याने ते ‘पहिला महिना’, ‘दुसरा महिना’ असे क्रमांक वापरीत. ही पद्धत ठाऊक नसलेल्या माणसाला क्रूसविरहित थडगी आणि अनोळखी कालगणना सहजच गूढ वाटू शकते.

या आख्यायिकांचा साचा केवळ लेस्टरपुरता मर्यादित नाही. पेनसिल्व्हेनियातील यॉर्क काउंटीत ‘नरकाची सात द्वारे’ ही कथा प्रचलित आहे. कॅन्सस राज्यातील स्टल येथील दफनभूमीही १९७४ साली एका विद्यार्थी वृत्तपत्रात आलेल्या लेखानंतर नरकाचे द्वार म्हणून गाजली. अशा ठिकाणी तरुणांनी रात्री जाऊन धैर्याची परीक्षा पाहण्याच्या प्रथेस लोकसाहित्याचे अभ्यासक ‘लेजंड ट्रिपिंग’ म्हणतात. अमेरिकन अभ्यासक बिल एलिस यांनी या प्रथेवर विस्ताराने लिहिले आहे. ठरावीक संख्येच्या प्रदक्षिणा, मध्यरात्रीची वेळ आणि मृताला घातलेली साद ही या प्रथेची नेहमीची अंगे असून मार्माड्यूक अर्ल यांच्या थडग्याच्या कथेत ती सर्व आढळतात.

सद्यस्थिती

ही दफनभूमी परित्यक्त नाही. ती वूस्टर येथील क्वेकर सभेच्या मालकीची असून आजही दफनासाठी वापरली जाते. आख्यायिकांच्या प्रसिद्धीमुळे या स्थळाला रात्रीच्या आगंतुकांचा आणि नासधुशीचा उपद्रव सोसावा लागला आहे. मॅसेच्युसेट्सच्या कायद्यानुसार समाधिशिळांची हेतुपुरस्सर मोडतोड हा गुन्हा असून त्यासाठी पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. जुन्या क्वेकर शिळा बुटक्या आणि साध्या असतात. त्यांवरील मजकूरही मोजका असल्याने एखादी शिळा नष्ट झाल्यास तेथे पुरलेल्या व्यक्तीची जागेवरील ओळखच पुसली जाण्याचा धोका असतो.