कुरटे बेट आणि तेथील शिवराजेश्वर

कागलहून राधानगरी, दाजीपूर करीत फोंडा घाट उतरले की कोकण लागते. पुढे कणकवली, कसाल मागे टाकून मालवणच्या किनाऱ्यावर उभे राहिले असता समोर पाण्यात लांबलचक तटबंदी दिसते. हाच सिंधुदुर्ग. किल्ल्याचे नाव सर्वांना ठाऊक आहे. परंतु ज्या कुरटे बेटावर तो उभा आहे, तेथील देवळाची व माणसांची हकीकत आपल्या भागात फारशी कोणी सांगत नाही. वास्तविक त्या देवळाशी कागलचा निकटचा संबंध आहे.

बेट अवघे ४८ एकरांचे. सभोवार खारे पाणी व पाण्याखाली खडक, त्यामुळे नवख्या नावाड्याचे तेथे काम नाही. मात्र बेटाच्या पोटात गोडे पाणी आहे. दूधबाव, दहीबाव व साखरबाव अशा तीन विहिरी आहेत. विहिरीस तिकडे बाव म्हणतात. गोडे पाणी लागले म्हणून वस्ती टिकली आणि वस्ती टिकली म्हणून देवपूजा चालू राहिली, असे म्हणण्यास हरकत नाही.

२५ नोव्हेंबर १६६४ रोजी किनाऱ्यावरील मोरयाच्या धोंड्यापाशी गणेशपूजन करून शिवछत्रपतींनी कामास प्रारंभ केला. हिरोजी इंदुलकर यांच्या देखरेखीखाली १६६७ साली किल्ला पुरा झाला. तटाची लांबी सुमारे तीन किलोमीटर भरते. दरवाजा असा वळणात बसविला आहे की अगदी जवळ जाईपर्यंत तो दृष्टीस पडत नाही.

आत श्री शिवराजेश्वराचे मंदिर आहे. राजाराम महाराजांच्या काळात, १६९५ च्या सुमारास ते बांधले गेले. मूर्ती शिवछत्रपतींची, बसलेली. दाढी नाही आणि डोक्यावर कोळ्यांच्या टोपीसारखी टोपी. तसबिरीतील महाराज मनात धरून गेलेला भाविक क्षणभर थबकतोच.

पुढे बेट करवीरकर छत्रपतींकडे राहिले. १७६५ साली इंग्रजांनी ते जिंकून किल्ल्याला फोर्ट ऑगस्टस असे नाव दिले. पुढे पैसे घेऊन त्यांनी ते करवीरकरांना परत केले. पण १८१२ च्या तहाने मालवणसह ते कायमचे इंग्रजांकडे गेले. किल्ल्याचे नवे नाव मात्र लोकांनी कधी तोंडी घेतले नाही.

यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १९०६-०७ च्या सुमारास, राजर्षी शाहू महाराजांनी शिवराजेश्वरापुढे सभामंडप बांधविला. महाराज मूळचे कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव. १८८४ साली ते करवीरच्या गादीवर दत्तक गेले. मंडप बांधला तेव्हा ते बेट त्यांच्या संस्थानात नव्हते व तेथून महसुलाचा एक पैसाही करवीरच्या खजिन्यात येत नव्हता. सभामंडपाचे काम किती खर्चाचे असते, हे आपल्या देवळाच्या जीर्णोद्धारास हातभार लावलेल्या मंडळींना निराळे सांगावयास नको. त्यात येथे सामान समुद्रातून न्यावयाचे.

किल्ल्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी काही कुटुंबे आहेत. त्यांचे वाणसामान होडीने येते, मुलांची शाळा पलीकडे मालवणात. पावसाळ्यात समुद्र खवळला की पर्यटकांच्या होड्या बंद होतात; या कुटुंबांना आधीच बेगमी करून ठेवावी लागते. तरुण मंडळी पोटापाण्यासाठी बाहेर पडली, बरीच घरे कुलूपबंद झाली. १ मे १९८१ रोजी नव्या जिल्ह्याला या किल्ल्याचेच नाव मिळाले आणि जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या इतर अकरा किल्ल्यांसमवेत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्याची नोंद झाली. पाहुणे आता पुष्कळ येतात व होडीने परत जातात. शिवराजेश्वराची पूजा मात्र आजही तिथल्याच घरातील माणसे करतात.